आवाहनात कामाचा पत्ता असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की वृक्षारोपणाची, नदीकाठ आणि समुद्रकिनारा स्वच्छ करण्याची, टेकड्यांवर बीजगोळे टाकण्याची आवाहने मोबाइलवर एकामागून एक येऊ लागतात, आणि ५ जूनच्या जागतिक पर्यावरण दिनाच्या आसपास तर दिवसाला दहा-बारा तरी संदेश येतात. पुण्याच्या पश्चिमेकडील एका टेकडीवर काम करणाऱ्या नागरिकांच्या लहानशा गटात मी अकरा वर्षांपासून आहे आणि गेली सहा वर्षे या गटाची समाजमाध्यमांवरची आवाहने लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. या अनुभवातून मला एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे आणि विशेषतः आमच्यासारख्या संस्थांपुढे मांडायची आहे. आपण आवाहनांतून लोकांच्या भावनेला हात घालतो, पण नेमके काम काय आहे ते सांगत नाही. त्यामुळे पहिल्या रविवारी गर्दी होते आणि पाचव्या रविवारी पाण्याचा कॅन उचलायला माणूस मिळत नाही.

यात आमचीही चूक झालेली आहे, ती आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही इन्स्टाग्रामवर धुक्यात बुडालेल्या टेकडीचे एक सुंदर छायाचित्र टाकून ‘चला, आपली टेकडी हिरवी करू या’ एवढेच आवाहन केले होते. त्याला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद मिळाला. दीडशेच्या आसपास लोक आले, मुलाबाळांसह आले, कपडे चिखलाने माखेपर्यंत उत्साहाने राबले. खड्डे आधीच खणून ठेवलेले असल्याने पळस, बहावा, काटेसावर आणि मेडशिंगीची अडीचशे रोपे नऊ वाजायच्या आत लावून झाली आणि त्या दिवसाची छायाचित्रे पुढचा आठवडाभर फिरत राहिली. फेब्रुवारीत गवत वाळले, माती दगडासारखी झाली, तेव्हा त्याच मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘रोपांना पाणी घालायला या’ असा संदेश मी टाकला. पाऊणशे अंगठे उमटले आणि रविवारी सकाळी टाकीपाशी आम्ही सात जण उभे होतो.

न आलेल्यांना मी दोष देत नाही. आम्ही त्यांना झाड लावायला बोलावले होते आणि ते काम त्यांनी केले होते. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढच्या जूनपर्यंत भरवशाचा पाऊस नसतो, टेकडीवरची माती उथळ असते, आणि लावलेल्या रोपाला मूळ धरण्यासाठी निदान दोन-तीन उन्हाळे पाणी, आळे आणि वणव्यापासून संरक्षण लागते. म्हणजे रोप लावणे हे एका सकाळचे काम आणि ते जगवणे हे दोन-तीन वर्षांचे. हा हिशेब आमच्या कोणत्याही पोस्टमध्ये नव्हता. अडीचशेपैकी निम्म्याहून अधिक रोपे त्या उन्हाळ्यात गेली. काटेसावरीचे एक रोप मला अजून आठवते. त्याला बांधलेल्या बांबूच्या काठीवर एका लहान मुलीने आपल्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने अडकवली होती. एप्रिलमध्ये रोपाचा नुसता काडीसारखा खुंट उरला होता आणि चिठ्ठी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत असल्याने जशीच्या तशी होती.

त्यानंतर आम्ही आवाहनाची भाषाच बदलली. पुढच्या हिवाळ्यातला एक संदेश येथे जसाच्या तसा देते: ‘रविवारी सकाळी ६.३० ते ८.३०. वरच्या टाकीपासून तिसऱ्या वळणापर्यंतच्या ४० रोपांना पाणी घालायचे आहे. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन सुमारे दोनशे पावले चढावे लागेल. वजन उचलणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आळी नीट करण्याचे आणि नोंदवहीत रोपांची उंची लिहिण्याचे काम आहे. पायात बूट हवेत. १२ जणच हवेत. येणार असाल तर नाव कळवा. नाव कळवल्यावर शनिवारी संध्याकाळी फोन येईल.’ या संदेशाला छायाचित्रही नव्हते आणि तो फारसा कोणी पुढेही पाठवला नाही. अंगठेही मोजकेच आले. पण अकरा जण वेळेवर आले, आणि त्यांतले पाच जण आज दुसऱ्या वर्षीही येत आहेत. बाकीचे का थांबले याचेही उत्तर आमच्याकडे आहे, कारण आम्ही त्यांना विचारले: दोघांची बदली झाली, एकीच्या घरी आजारपण आले, आणि तिघांनी काम झेपत नसल्याचे मोकळेपणाने सांगितले.

शनिवारच्या त्या फोनबद्दल थोडे सांगायला हवे. समाजमाध्यमातून आलेल्या नव्या माणसाला तिथे कोणीही ओळखत नसते. एका महाविद्यालयीन मुलाने मला नंतर सांगितले की, आमच्या पहिल्या आवाहनावरून तो हौसेने आला होता, पण संदेशात ‘टेकडीवर भेटू’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे पायथ्याच्या दुसऱ्या फाटकापाशी अर्धा तास उभा राहिला आणि तसाच परत गेला. वरच्या बाजूला आम्ही कामात असल्याने त्याचा फोन कोणी उचलला नव्हता. हा मुलगा दोन वर्षांनी योगायोगाने पुन्हा भेटला म्हणून ही गोष्ट आम्हाला कळली. असे आणखी किती जण परतले असतील, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आता आमच्यापैकी एक जण पावणेसहापासून फाटकाशी थांबतो, नव्या माणसाला नावाने हाक मारतो आणि त्याच्या हाती पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी काम देतो. रीलमुळे माणूस फाटकापर्यंत येतो, आणि पुढे त्याला धरून ठेवते ती ही ओळख.

आपल्या राज्यात ज्या कामांनी समाजमाध्यमांचा खरोखर उपयोग करून घेतला, त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर वकील अफरोज शाह आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी या दोघांनी कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा शाह यांनी आधी आसपासच्या घरांची दारे ठोठावली. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या किनाऱ्याचे आवाहन नंतर ट्विटर आणि फेसबुकवरून जगभर गेले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. पण या साऱ्यात आवाहनाचा मजकूर जवळजवळ बदललाच नाही: तोच किनारा आणि दर शनिवार-रविवार. माणसाला एकदा चुकले तरी पुढच्या आठवड्यात कुठे जायचे हे ठाऊक असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोळा केलेला कचरा उचलला जात नाही आणि काम करणाऱ्यांना त्रास दिला जातो म्हणून हे काम थांबवल्याचे शाह यांनी ट्विटरवर जाहीर केले, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्र्यांपर्यंत ते पोहोचले आणि काम पुन्हा सुरू झाले. दोन वर्षे आठवड्यामागून आठवडे किनाऱ्यावर राबणारी माणसे पाठीशी होती, म्हणून त्या चार ओळींना वजन आले, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण पाणी फाउंडेशनने गावागावांत घेतलेल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेचे. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांपर्यंत गेली. त्या वर्षी १ मे रोजी महाश्रमदान ठरले आणि शहरांतील लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नाव नोंदवून गावांत जाऊन काम करावे, असे आवाहन करण्यात आले. मी स्वतः त्या दिवशी एका माळरानावर कुदळ हातात घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा उतारावर सलग समतल चरांसाठी, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवणाऱ्या आडव्या खाचांसाठी, फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेघा आधीच तयार होत्या. प्रत्येक तुकडीला तिची रेघ, कुदळी, फावडी आणि घमेली नेमून दिलेली होती, आणि चराची रुंदी-खोली किती, माती उताराच्या कोणत्या बाजूला टाकायची, हे गावातलीच एक प्रशिक्षण घेतलेली ताई आम्हाला समजावून सांगत होती. स्पर्धेत उतरणाऱ्या गावांतील निवडक लोकांना आधी प्रशिक्षण दिले जात असे, आणि शहरातून येणारी माणसे त्या तयार कामात फक्त हातभार लावत. नवख्या माणसाने दोन तासांत जेवढे केले ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी मोजता आले. ज्या संस्थेकडे अशी आखलेली रेघ नाही, तिने आधी ती आखावी आणि मगच पोस्ट टाकावी.

याच्या उलट, आकड्यांनी आपली फसगत होते. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरवण्यात आली, त्याच काळात ‘हरित सेने’त एक कोटी लोकांनी सदस्य व्हावे म्हणून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, आणि पुढे ‘माझी वसुंधरा’ अभियानात ई-शपथ आली. जनजागृती म्हणून या उपक्रमांचे मोल मी नाकारत नाही. तथापि, नाव नोंदवलेला सदस्य आणि मार्च महिन्यात जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला खुरपे घेऊन येणारा सदस्य यांची मोजणी वेगळी ठेवली नाही, तर आपल्याकडे किती हात आहेत याचा अंदाज पहिला वणवा लागेपर्यंत येत नाही. आमच्या गटाच्या इन्स्टाग्राम खात्याला चार हजार लोक जोडलेले आहेत. वणव्याच्या दिवसांत ज्यांच्या भरवशावर आम्ही रात्री झोपतो ती माणसे एकोणीस आहेत. आमच्या वार्षिक बैठकीत आता हा दुसरा आकडाच वाचला जातो.

आंदोलनाची हाक ही आणखी वेगळी गोष्ट. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्यावर त्याच रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा मोबाइलवरच्या संदेशांनीच लोक अंधारात तेथे धावले. २९ जणांना अटक झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. पुण्यातही २९ एप्रिल २०२३ रोजी नदीकाठच्या झाडांसाठी निघालेल्या चिपको पदयात्रेत हजारो लोक चालले. इतक्या वेगाने एवढी माणसे जमवणे पूर्वी शक्य नव्हते आणि त्याबद्दल या माध्यमांचे ऋण मानावेच लागेल. मात्र मोर्च्याला आलेल्यांतील प्रत्येक जण दर आठवड्याला नदीकाठी येईल असे गृहीत धरून आम्ही एकदा नियोजन केले होते आणि ते पूर्ण फसले. मोर्चा संपताना लोकांच्या हाती पुढच्या कामाचा दिनांक द्यायला हवा होता, तो आम्ही दिला नाही.

एका धोक्याकडे मात्र आपल्या दैनिकाने गांभीर्याने लक्ष वेधावे असे मला वाटते. निसर्गाच्या सुंदर छायाचित्रावर आवाहन केले की स्वयंसेवकांपेक्षा प्रेक्षक जास्त येतात, आणि कित्येक ठिकाणी या प्रेक्षकांचाच निसर्गाला त्रास होतो. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला उसळणारी गर्दी आपण दरवर्षी पाहतो. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीने एकमेकांना दिलेला इशारा असतो आणि गाड्यांचे दिवे व मोबाइलच्या विजेऱ्या त्यात व्यत्यय आणतात. म्हणून घरट्याची, अंडी घातलेल्या जागेची किंवा दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा संस्थांनी आवाहनात कधीही देऊ नये. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. आता बाहेरचे लोक मोठ्या संख्येने येतात, पण घरट्यांची राखण गावातील माणसांकडे आहे, पाहुणे त्यांच्याच घरी उतरतात, आणि पिल्ले सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहावे लागते. पाहुणा कोण आणि राखणदार कोण हे तेथे स्पष्ट आहे, आणि आवाहन लिहितानाही ते तसेच स्पष्ट असावे.

ज्यांना कॅन उचलणे शक्य नाही, ज्यांचे वय झाले आहे किंवा जे दिवसभर नोकरीत अडकलेले आहेत, त्यांच्यासाठी समाजमाध्यमांनी एक नवे दार उघडले आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाची मंडळी ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू येथील किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातात, खडकांतल्या डबक्यांतील समुद्री जीव दाखवतात आणि त्यांची छायाचित्रे आय-नॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतात. ज्या किनाऱ्याला आपण केवळ घाण पाणी समजत होतो तेथे प्रवाळ आणि समुद्री गोगलगायी राहतात, हे सामान्य मुंबईकराला प्रथम कळले ते अशाच नोंदींमुळे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, आणि फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेत घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटांची नोंदही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करता येते. आमच्या गटातील एक बहात्तर वर्षांच्या आजी गुडघेदुखीमुळे टेकडी चढू शकत नाहीत, पण त्यांच्या गॅलरीतल्या नोंदींतून आम्हाला दर वर्षी चातकाच्या आगमनाचा दिवस कळतो. येथे मोबाइल हेच कामाचे अवजार आहे.

व्हॉट्सअॅप गटांविषयीही एक कटू अनुभव नोंदवायला हवा. अशाच एका मोठ्या स्वच्छता मोहिमेच्या गटात माझ्या भाचीने नाव दिले आणि गटातील शेकडो अनोळखी माणसांना तिचा क्रमांक दिसू लागला. पुढच्या पंधरवड्यात तिला अवेळी नको ते फोन येऊ लागले. तिने गट सोडला आणि कामही सोडले. तक्रार केल्यावर त्या संस्थेने दिलगिरी व्यक्त केली, परंतु गट तसाच चालू ठेवला. व्हॉट्सअॅपच्याच ‘कम्युनिटी’ या सोयीतील सूचना-गटात सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. ही सोय विनामूल्य आहे आणि ती वापरायला दहा मिनिटे लागतात. गुगल फॉर्ममध्ये जन्मतारीख, घरचा पत्ता, रक्तगट असे सारे काही मागण्याची खरोखर गरज आहे का, याचाही विचार व्हावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, आणि शाळकरी मुलांची छायाचित्रे सर्रास टाकणाऱ्या संस्थांनी तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

शेवटी, जे या माध्यमांवर नाहीतच त्यांच्याविषयी. टेकडीच्या पायथ्याशी आम्ही एक काळा फळा लावला आहे आणि त्यावर आठवड्याचे काम खडूने लिहितो. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले एक काका रोज पहाटे फिरायला येत, त्यांनी तो फळा वाचला आणि काहीही न बोलता स्वतःच्या घरून दोन बाटल्या पाणी आणू लागले. आज पायवाटेच्या डाव्या बाजूची पळसाची अठरा रोपे त्यांच्याकडे आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांतले एकही गेले नाही. त्यांच्याकडे साधा बटनांचा मोबाइल आहे. आमच्या चार हजार अनुयायांत ते कधीच आले नसते. समाजमाध्यमांवर विसंबून राहताना वस्तीतला सूचनाफलक, वाण्याचे दुकान, शाळेतील पालकसभा आणि देवळाचा पार आपण सोडून दिला, ही मला आपल्या कामातली मोठी चूक वाटते.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाच्या शहर आवृत्तीत आठवड्यातून एकदा अर्ध्या रकान्यापुरती जागा ‘स्वयंसेवक हवेत’ म्हणून राखून ठेवावी, आणि त्यात कामाचे स्वरूप, नेमकी जागा, वेळ, हवी असलेली माणसे आणि फाटकाशी भेटणारी जबाबदार व्यक्ती एवढा तपशील देणाऱ्या संस्थेलाच स्थान द्यावे. त्याचबरोबर, जुलैमध्ये वृक्षारोपणाची जी छायाचित्रे आपण छापता, त्याच जागांची छायाचित्रे पुढच्या मे महिन्यात पुन्हा छापावीत. आमच्या गटाची सुरुवातीपासूनची नोंदवही, त्यात गेलेल्या रोपांच्या नोंदींसह, आपल्या प्रतिनिधीला दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत वरच्या टाकीपाशी पाहता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे